माग चालू असताना

"ह्यात दिवं न्हाईत," गुंडू म्हणाला आणि हातातली पांढरी डबी त्यानं काउंटरवर परत ठेवली.

"दिवे कशाला पायजेत, मामा? बाळ रडलं की ह्यातनं आवाज येणार. झालं की," तेजस्वी म्हणाली.

गुंडू दाराकडे पाठ करून उभा होता. बाहेरचा उजेड समोरच्यांच्या तोंडावर पडावा अशा बेतानं उभं राहायची त्याला सवय होती. बेळगावच्या खडेबाजारातल्या ह्या दुकानात शिरल्याबरोबर त्यानं आधी ती जागा पकडली होती. सून समोर, दुकानदार समोर, दोघांचे ओठ उजेडात.

दुकानदार गोमटेश चिकोडीकडचा. वय तिशीच्या आत. गिऱ्हाईक दिसलं की "बर्री, बर्री" म्हणत खुर्ची पुढं करणारा. त्यानं तिसरा खोका उघडला. "वैनी, माझं ऐका. कॅमेऱ्याचं न्या. बाळ झोपलंय का उठलंय, मोबाईलवर दिसतंय. तुम्ही दवाखान्यात बसून बघा."

"दवाखान्यात आमचा मोबाईल लॉकरमध्ये असतोय. घरात नेट न्हाई. आणि मामांचा फोन बटणाचा. कॅमेरा काय करायचा? साधं आवाजाचंच दाखवा."

कॅमेऱ्याचंच घे, हे शब्द गुंडूच्या तोंडापर्यंत आले होते. पण का, हे सांगावं लागलं असतं.

"आवाजाची दोनच आहेत," गोमटेश म्हणाला. "हे लहान, कमरेला अडकवायचं. आणि हे पाच दिव्यांचं. बाळ हललं की हिरवा, कुरकुरलं की पिवळा, रडायला लागलं की लाल. दिव्यांचं थोडं मोठं हाय, काका. खिशात बसणार न्हाई."

"मला खिशात कशाला पायजे? मागावर ठेवीन की." गुंडूनं सुनेकडे बघितलं. "खाली दोन माग खडखडत असताना ह्या डबीतनं पोरीचा आवाज कुणाला यायचा गं? तुला तरी येईल काय?"

तेजस्वी हसली. "ते बी खरंच. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

मागाच्या आवाजाआड गुंडू गेली चार वर्षं असाच उभा होता.

"बघून तर घिऊया," म्हणत तेजस्वी दिव्यांच्या जोडीतली एक डबी घेऊन दुकानाबाहेर गेली, पार पानपट्टीपर्यंत. दुसरी गुंडूच्या हातात होती. डबीवरचे दिवे हिरव्यावरून पिवळ्यावर गेले, लाल झाले, विझले. ती काहीतरी बोलली होती. काय, ते गुंडूला कळलं नाही. गोमटेश मात्र खो खो हसला.

"काय म्हणाली?" गुंडूनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ऐकलं न्हाई व्हय? 'मामा, येताना कुंदा घ्यायचा काय?' म्हणतात वैनी," गोमटेश म्हणाला. त्याचे ओठ स्पष्ट होते.

तेजस्वी परत आली. "आला आवाज?"

"आला की. कुंदा पायजे न्हवं तुला? घिऊया."

दिव्यांची डबी घेतली. मिठाईच्या दुकानातून कुंदाही घेतला.

*

वयाच्या तेराव्या वर्षी गुंडू शहापुरात मागावर उभा राहिला, तो अजून उभाच होता. आधी दुसऱ्यांच्या मागांवर, मग घरच्या दोन यंत्रमागांवर. साड्यांचं काम. ऐकणं एकदम गेलं नव्हतं. आधी बायकोच्या बांगड्या गेल्या, मग कुकरची शिटी, मग फोनची घंटा. पुढं बायकांचं बोलणं पुसट होत गेलं. पुरुषांचा जाड आवाज जवळून अजून कळायचा. धोट्याचा दणका तर कळायचाच. तो कानाला कमी आणि पायांना जास्त. मागाचं काही बिघडलं तर त्याला आधी तळपायातून समजे.

माग चालवणाऱ्यांत हे लपवायला सोपं असतं. खडखडाटात तिथं कुणीच कानांनी ऐकत नाही. ओठ बघायचे, बोटांनी खुणावायचं. सूत तुटलं, कांडी संपली, चहा आला, मालक आला, प्रत्येकाची खूण ठरलेली. गल्लीतला निम्मा माणूस असाच बोलायचा. त्यामुळं गुंडूचं कुणाला वेगळं वाटलं नाही. बायको अक्काताई होती तोवर ती त्याचे कान होती. दारावर कुणी आलं की कोपरानं ढोसायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली.

देवळाच्या सभामंडपात एकदा कान तपासायचं शिबिर भरलं होतं. तिथल्या बाईनं डोक्यावर यंत्र चढवलं, "आवाज आला की बोट वर करा" म्हणाली. गुंडू तिच्या हाताकडे बघून बोट वर करत राहिला. चौथ्या वेळी तिनं त्याची खुर्ची भिंतीकडे वळवली. नंतर एक कानातलं यंत्र दोन दिवस लावून बघायला दिलं. मागाजवळ ते लावल्यावर डोक्यात कुणी खिळे ओततंय असं झालं. तिसऱ्या दिवशी त्यानं ते परत केलं आणि तिनं लिहून दिलेला कागद गटारात टाकला.

घरात आता तो, सून आणि नात. मुलगा स्वरूप गोव्यात औषधांच्या कारखान्यात. महिन्यातून दोनदा लोंढ्याहून गाडी बदलून यायचा. नातीचं कागदावरचं नाव वेगळं होतं, पण ती अक्काताईच्या तोंडवळ्याची, म्हणून घरात सगळे तिला आक्काच म्हणत. तेजस्वी दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर होती. सहा महिन्यांची रजा संपून उद्यापासून ती कामावर जाणार होती.

निपाणीहून तिची आई मंगल रोज फोन करायची. "मी हाय की रिकामी. आणून सोड हितं."

"सोडू म्हंजे? आठवड्यातनं एकदा तोंड बघू व्हय गं तिचं? अजून अंगावर पितीय ती," तेजस्वी म्हणायची. फोन ठेवून गुंडूकडे वळायची. "मामा, तुम्हांला जमंल न्हवं? दिवसाचं तेवढं. खरं सांगा."

"न जमायला काय झालं? स्वरूपला कुणी वाढीवलं?"

स्वरूपला अक्काताईनं वाढवलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. पण गुंडूला पोर घरात हवी होती, आणि तेजस्वीला ती संध्याकाळी घरी आल्यावर दिसायला हवी होती. म्हणून दोघांनी ते वाक्य तसंच सोडून दिलं.

एका गोष्टीवर तेजस्वी अडून बसली होती. आक्का मागाच्या खोलीत झोपणार नाही. सुताची धूळ नाकात जाते, आणि एवढ्या आवाजात लहान पोराचे कान खराब होतात. "डॉक्टरनी सांगितलंय. एकदा गेलं की परत येत न्हाई ते," ती म्हणाली होती. गुंडूनं मान हलवली होती. म्हणून पाळणा वर, जिना चढून मागच्या खोलीत. म्हणून ही डबी.

सहा महिन्यांत गुंडूनं नातीचं रडणं कितीदा तरी पाहिलं होतं. ऐकलं एकदाही नव्हतं.

*

डबी आणली त्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला गल्लीतले माग बंद असतात; तेलपाणी करायचं, ऊद दाखवायचा, नारळ फोडायचा. गल्ली चिडीचूप होती. आक्का मात्र सकाळपासून किरकिरत होती; दुकानाला जाताना शेजारणीकडं ठेवली तेव्हाही. आईच्या पोटात असल्यापासून तिनं मागाचा आवाज ऐकलेला. तो चालू असला की गाढ झोपायची, थांबला की जागी व्हायची. गल्लीतली सगळी पोरं अशीच. वीज गेली की घराघरातून एकदम पाळणे हलायला लागतात.

संध्याकाळी त्यांनी डबी लावून बघितली. एक पाळण्याजवळ, एक खाली मागावर. आक्कानं श्वास सोडला तरी हिरवा दिवा लुकलुकत होता. तेजस्वीनं वर जाऊन खोकून बघितलं, खुळखुळा वाजवून बघितला. दिवे आपले पळत वर जात, पळत खाली येत.

"झ्याक हाय," ती जिन्यावरून म्हणाली. "आता मला घोर न्हाई."

माग बंद आहेत, ह्याचा विचार दोघांच्याही मनात आला नाही. अमावास्येला ते बंदच असतात.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती साडेआठला गेली. दूध काढून बाटल्यांत ठेवलं होतं. नऊला आक्का प्याली, गुंडूनं पाळणा हलवला, खाली येऊन दोन्ही माग सुरू केले, आणि डबीवरचे पाचही दिवे लालपर्यंत पेटून तसेच राहिले.

तो धावत जिना चढला. आक्का झोपली होती. खाली आला. पाचही पेटलेले. पुन्हा चढला. झोपली होती. साडेदहापर्यंत तो अकरा वेळा चढला, उतरला. सातव्या खेपेला खाली दुसऱ्या मागावर सूत तुटून वीतभर काठ खराब झाला. माग बंद केले तर दिवे शहाण्यासारखे वागत, पण मग पाच मिनिटांत आक्का जागी होई.

समोरच्या घरातला भरमू तंबाखू मळत आत आला. तोही मागावरच म्हातारा झालेला, आणि गुंडूच्या कानांचं गल्लीत त्यालाच तेवढं माहीत होतं. दोघं माग न थांबवता बोलत. ओठांनी आणि बोटांनी.

"काय रं, रेडू घेतलास काय नवा?"

"पोरीचं हाय. रडली की दिवा लागतोय."

"लागलाय की. मग जा की वर."

"झोपलीया ती. मागाच्या आवाजानं लागतोय."

भरमूचं अंग हसण्यानं गदगदलं. "तुझ्यापरास यंत्र बरं म्हणायचं. त्येला निदान मागाचं तरी ऐकू येतंय."

"सुनेला सांगू काय? हे चालंना म्हणून?"

भरमूचं हसणं थांबलं. त्यानं तंबाखू दाढेखाली सरकवली, गुंडूच्या अगदी समोर आला आणि ओठ सावकाश हलवले. "सांगितलंस की ती विचारणार, मग माग बंद ठिवा आणि कानानं ऐका की म्हणून. मग काय सांगशील? पोर निपाणीला गेली म्हणून समज."

तो गेल्यावर गुंडूनं वर जाऊन पाळण्याजवळच्या डबीकडे नीट बघितलं. तिच्या पोटाला बारीक जाळी होती, आवाज आत घ्यायची. जुन्या कारागिरांपैकी काहीजण मागावर उभं राहण्याआधी कानात कापसाचे बोळे घालत. तरणेपणी गुंडू त्यांना हसायचा. त्यानं देव्हाऱ्याखालच्या डब्यातून वातीचा कापूस घेतला, जाळीवर दाबून बसवला आणि वरून ताण्याच्या सुताचे दोन वेढे देऊन गाठ मारली. खाली येऊन बघितलं. दोन हिरवे, बाकी विझलेले. पुन्हा वर जाऊन त्यानं डबीजवळ टाळी वाजवली आणि धावत खाली आला. पण तोवर दिवा पुन्हा हिरवा झाला होता. म्हणून त्यानं खालची डबी हातात धरून वर नेली आणि टाळी वाजवली. पिवळा लागला. एक लालही.

टाळीला लागतोय तर रडण्याला लागणारच, असं त्यानं ठरवलं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. दुपारी बाराला तो माग थांबवायचा, आक्का उठायची, तो दूध घेऊन वर जायचा. दोन वाजता पुन्हा माग सुरू. दोन हिरवे म्हणजे झोप, हे एकदा डोक्यात बसल्यावर जिना चढायची गरज वाटेनाशी झाली. संध्याकाळी तेजस्वी यायच्या आधी तो कापूस काढून सदऱ्याच्या खिशात घालायचा आणि सकाळी परत बांधायचा. ती यायची, हातपाय धुऊन आक्काला छातीशी घ्यायची आणि म्हणायची, "मामा, तुम्ही हाय म्हणून बरं हाय."

*

शनिवारी पदराचं काम होतं. पदर सुरू झाला की मधे सोडता येत नाही; नक्षी सरकते. बारा वाजले तेव्हा चार बोटं राहिली होती. गुंडूनं डबीकडे बघितलं. दोन हिरवे. होऊ दे एवढं, म्हणून तो उभा राहिला. साडेबारा झाले. पावणेएकच्या सुमाराला वीज गेली आणि दोन्ही माग धापा टाकत थांबले. पायांखालची जमीन निश्चल झाली.

डबी बॅटरीवर चालत होती. तिच्यावरचे हिरवे दिवेही विझले. म्हणजे आवाज नाही, म्हणजे अजून झोपलीय, असं म्हणत गुंडूनं हात धुतले, बाटली गरम पाण्यात ठेवली, मनगटावर थेंब टाकून बघितला आणि जिना चढला.

आक्का जागी होती. तोंड उघडं होतं, हनुवटी थरथरत होती, मुठी वळलेल्या. डोळ्यांपासून कानांपर्यंत पाण्याचे ओघळ वाळून पांढरे झाले होते आणि त्यांवरून नवे ओघळ वाहत होते. एका पायातला वाळा पाळण्याच्या जाळीत अडकला होता. पाय ओढून ओढून घोट्याभोवती लाल वळ उठला होता. अंगाखालचं दुपटं ओलं होऊन गार पडलं होतं. म्हणजे हे आत्ताचं नव्हतं. तास झाला होता, कदाचित दीड.

गुंडूनं वाळा सोडवला. पोरीला उचललं. ती त्याच्या खांद्यात तोंड खुपसून उचक्या देऊ लागली. उचकीचा धक्का त्याला कळत होता. कोपऱ्यात डबी होती. तिला खेटून वाजवलेली टाळी कापसातून गेली होती, रडणं गेलं नव्हतं. कापसावर मारलेली सुताची गाठ पक्की बसलेली होती. ती त्यानं दातांनी तोडली.

वीज दोनला आली. त्यानं माग सुरू केले नाहीत.

गल्लीतले सगळे माग चालू आणि गुंडूचेच बंद, म्हणून भरमू बघायला आला. गुंडूनं त्याला पाय दाखवला, कापूस दाखवला. भरमूनं पोरीच्या घोट्यावरून बोट फिरवलं.

"वळ उतरंल सांजच्याला. खोबरेल लाव. बोलू नको कुणाला."

"आज पाय अडकलाय, भरमू. उद्या गळा अडकला म्हंजे?"

भरमूनं खोबरेलाची वाटी पुढं सरकवली आणि निघून गेला.

*

तेजस्वी साडेपाचला आली. हात धुतले, आक्काला घेतलं, आणि तिच्या भुवया गोळा झाल्या. तिनं पोरीचं तोंड कानाजवळ धरलं.

"आवाज बसलाय की हिचा."

गुंडूनं ते तिच्या ओठांवरून वाचलं. वळ उतरला होता, तोंड धुतलं होतं, दुपटं बदललं होतं. आवाज बसला असेल, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

"सर्दी झाली जणू," तेजस्वी म्हणाली. "सकाळी गार वारं होतं. व्हय वो मामा?"

नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. चार वर्षांत हा शब्द त्यानं न ऐकलेल्या हजार गोष्टींना म्हटला होता. पटकन तोंडातून निघायचा.

"सर्दी न्हाय," गुंडू म्हणाला. "रडून बसलाय."

"किती रडली?"

"म्हाईत न्हाय."

"म्हाईत न्हाय म्हंजे?"

"मला ऐकू आलं न्हाय."

"माग चालू असताना कसं येणार? पण दिवे—"

"मागाचं न्हाय गं." त्यानं खिशातून कापसाचा बोळा काढून दोघांच्या मधे चटईवर ठेवला. "माग बंद असलं तरी बी मला येत न्हाय. तू बोलतीस ते मी बघतोय. ऐकत न्हाय."

मग त्यानं सगळं सांगितलं. लाल दिवे, कापूस, पदर, पाय. सांगताना तो तिच्या तोंडाकडे बघत होता, कारण नजर हलली असती तर तिचं बोलणं चुकलं असतं.

"दुकानात?" तिनं शेवटी विचारलं. "कुंद्याचं?"

"त्या पोरानं सांगितलं."

"आणि आक्काचं? कधीच न्हाई ऐकलं?"

"न्हाय."

तेजस्वीनं पोरीच्या पायातला वाळा काढला. मग दुसऱ्या पायातला काढला. वाळे मुठीत धरून ती बोलायला लागली तेव्हा इतकं भरभर बोलली की गुंडूला निम्मं सुटलं. जे कळलं ते पुरेसं होतं.

"मी तिथं लोकांच्या बाटल्यांवर नावं चिकटवत बसले, आणि हितं माझी पोर— मामा, मला सांगायचं न्हवतं व्हय? तिथंच सांगितलं असतं तर कॅमेरा घेतला असता की वो. नेट घेतलं असतं, मोठा फोन घेतला असता. एवढंच होतं की. एवढंच!"

एवढंच होतं, हे गुंडूलाही दुपारपासून कळत होतं.

"मग आता घिऊया काय? कॅमेऱ्याचं?" त्यानं विचारलं.

तिनं त्याच्याकडे सरळ बघितलं. त्याला कळावं म्हणून आता ती सावकाश बोलली. "तुमच्या कानांचं काय न्हाई, मामा. पण तुम्ही रोज सांजच्याला कापूस काढून ठेवत होता. मी आता कामावर बसून काय करू? दर घटकेला वाटंल, आज काय लपवलं असंल."

गुंडूनं मान खाली घातली. मग लक्षात आलं, खाली घातली तर तिचे ओठ दिसणार नाहीत. त्यानं ती पुन्हा वर केली.

"निपाणीला ने तिला," तो म्हणाला. "तुझी आई सांभाळंल."

तेजस्वी उठली. तिनं आईला फोन लावला, मग गोव्याला नवऱ्याला. आधी ती बोलायची तेव्हा सासऱ्यासमोरच बसून बोलायची, आणि गुंडू तिच्या ओठांवरून मुलाची खुशाली काढून घ्यायचा. आज ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिची वेणी आणि फोन धरलेलं कोपर तेवढं त्याला दिसत होतं. ती काय सांगतेय, किती सांगतेय, काहीच कळलं नाही. मधे एकदा तिचे खांदे हलले. थोड्या वेळानं पुन्हा हलले.

*

रविवारी सकाळी गुंडू पिशव्या घेऊन बसस्टँडवर आला. तेजस्वी आक्काला सोडून उद्या पहाटेच्या गाडीनं परत येणार होती, थेट कामावर. मग दर शनिवारी निपाणी, दर सोमवारी बेळगाव.

"तुमची भाकरी झाकून ठेवलीय," वाटेत रिक्षात ती म्हणाली होती. म्हणताना तिनं तोंड त्याच्याकडे वळवलं होतं.

खिडकीजवळची जागा मिळाली. गुंडूनं पिशव्या वर ठेवल्या, खाली उतरला आणि खिडकीखाली येऊन थांबला. गाडी चालू करून ठेवली होती. पत्रा थरथरत होता. शेजारच्या बाईनं टोपली आत ओढताना आक्काला धक्का लागला आणि तिचं तोंड वाकडं झालं. हनुवटी थरथरली, डोळे मिटले, तोंड उघडलं.

तेजस्वी तिला खांद्यावर घेणार होती. ती थांबली. तिनं खाली सासऱ्याकडे बघितलं. मग खिडकीच्या दांडीवर ठेवलेला त्याचा हात तिनं मनगटाला धरून आत घेतला आणि पोरीच्या झबल्यावरून तिच्या छातीवर ठेवला.

"रडालीया," ती म्हणाली.

आधी त्याला गाडीचीच थरथर कळली, दांडीतून कोपरापर्यंत येणारी, एकसारखी. मग तळव्याखाली दुसरी लागली. बारीक आणि घाईची. वाढत वाढत जायची, श्वासाला तुटायची, पुन्हा सुरू व्हायची. एवढ्याशा छातीत ती मावत नव्हती. शेजारची बाई दोघांकडे बघत होती. तिच्या देखतच गुंडूनं मोकळा हात कानामागं धरला.

"आवाज सुटला काय गं तिचा?"

तेजस्वीनं तोंड पूर्ण त्याच्याकडे केलं. "सुटलाय. घोगरा हाय अजून थोडा."

कंडक्टरनं दोरी ओढली असावी. गाडी मागं आली, मग वळली. दोन पावलं गुंडू तिच्याबरोबर चालला, हात आत तसाच ठेवून. तिसऱ्या पावलाला तो काढून घ्यावा लागला.